बाटलीवरील एक शब्द

परवा एका माऊलीने लेकराच्या अंगास लावावयाच्या मलमाची डबी माझ्यापुढे ठेवली. तीवर ‘सिटाइल अल्कोहोल’ असे छापले होते. “फादर, लेकराच्या अंगाला दारू कशी चोळू?” असा तिचा रोकडा प्रश्न. शंका रास्त होती. भीती मात्र भलत्याच ठिकाणी होती. कारण माउथवॉशची बाटली तिच्या घरी मोरीच्या कट्ट्यावर, मुलाच्या हातास येईल अशीच असते, हे बोलण्याच्या ओघात कळले.

वाचकहो, अल्कोहोल हे एका पदार्थाचे नव्हे, एका कुळाचे नाव आहे. सिटाइल व स्टिअरिल ही त्यातील मंडळी मेणासारखी घट्ट असतात. ती त्वचेस मऊपणा देतात. नशा आणीत नाहीत. क्वचितच कोणास त्यांनी पुरळ उठते.

इथेनॉल, म्हणजे दारूतील मद्यार्क, तो निराळा. तो त्वचेचा स्निग्धांश काढून घेतो, म्हणून चिरा पडलेल्या कातडीस झोंबतो. हात निर्जंतुक करावयाच्या सॅनिटायझरमध्ये तो शेकडा ६० तरी असावा लागतो. हात वाळेपर्यंत चुलीजवळ जाऊ नये. मद्यार्क चटकन पेट घेतो.

मिथेनॉल हे तर विषच होय. २०२० साली अमेरिकेत मिथेनॉल असलेले सॅनिटायझर प्यालेली काही माणसे दगावली, काहींची दृष्टी अधू झाली.

आता माउथवॉश. त्याच्या काही प्रकारांत मद्यार्क शेकडा २० हून अधिक, म्हणजे साध्या द्राक्षारसाहूनही जास्त असतो. मोठी माणसे चूळ भरून थुंकतात, त्यामुळे पोटात फारसे जात नाही. मूल मात्र रंगास व गोड वासास भुलून घोट घेते. मग रक्तातील साखर एकाएकी घसरते, ग्लानी येते, प्रसंगी झटकेही येतात. यास्तव सहा वर्षांखालील मुलास माउथवॉश देऊच नये. ज्याचे तोंड कोरडे पडते, अथवा ज्याने कष्टाने दारू सोडली आहे, त्याच्यासाठी मद्यार्कविरहित प्रकार घ्यावा.

मुलाने घोट घेतलाच, तर ओकारी काढण्याच्या खटपटीत न पडता बाटलीसह तत्काळ दवाखाना गाठावा.

त्या माऊलीस मी मलम खुशाल लावावयास सांगितले. बाटली तिने त्याच सायंकाळी कुलपाच्या कपाटात ठेविली. आपल्या मोरीतील बाटली कोठे आहे, हे आपणही आज पाहावे.