चोच उष्टी नाही, आपलं तोंड उष्टं आहे



मागच्या आठवड्यात आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. एका ताईंनी ओठांत भिजवलेला बदाम धरलाय आणि खांद्यावरचा पोपट तो चोचीने अलगद काढून घेतोय. खाली कुणीतरी लिहिलं, "हीच खरी जीवदया." मग हृदयं, फुलं, जोडलेले हात. मी एवढंच लिहिलं की तोंडातलं पक्ष्याला देऊ नये. लगेच उत्तर आलं, "वहिनी, तुम्हाला प्रेमातही जंतू दिसतात."

हो, दिसतात. आणि ते आपल्यालाच आधी दिसायला हवेत. आपण पाणी गाळून घेणारी माणसं. माठात उष्टा पेला बुडवला तर सगळं पाणी बदलणारी. आपल्या कितीतरी घरांत अजूनही जेवण झालं की थाळी धुऊन ते पाणी पितात, कारण उष्ट्यात ४८ मिनिटांत सम्मूर्च्छिम जीव उत्पन्न होतात हे लहानपणापासून कानावर पडलंय. पाहुण्याला आपण आपला उष्टा पेला देणार नाही. मग ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याच चोचीत आपली लाळ का?

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. नातवाच्या हट्टापायी आमच्याकडे कॉकाटील आला, तेव्हा पोळीचा तुकडा चावून मऊ करून मीच त्याला भरवायची. एका हिवाळ्यात तो पिसं फुलवून कोपऱ्यात बसला, खाणं सोडलं. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी चोच उघडून पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तोंडातलं कोण भरवतं?" घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. औषधाने तो वाचला, पण तो प्रश्न मी विसरलेले नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते सांगते. माणसाच्या तोंडात असंख्य जंतू असतात, आपल्याला त्यांचा त्रास होत नाही. पोपटाच्या तोंडातले नेहमीचे जंतू निराळ्या जातीचे. आपले त्याच्या गळ्यातल्या अन्नपिशवीत गेले की तो आजारी पडू शकतो. म्हणजे आपण ज्याला घास समजतो, तो त्याच्यासाठी रोग असू शकतो.

उलट बाजूही आहे. पोपटाकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा आजार १९२९-३० मध्ये अनेक देशांत पसरला होता, तोही दक्षिण अमेरिकेतून विकायला नेलेल्या पोपटांमुळे. जंतू पक्ष्याच्या विष्ठेत आणि नाकाच्या स्रावात असतात. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेली किंवा चोचीला तोंड लावलं तर आपल्याला लागण होऊ शकते. साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया. पक्षी मात्र वरून ठणठणीत दिसू शकतो. वेळेत कळलं तर गोळ्यांनी बरं होतं. म्हणून घरात पक्षी असेल आणि असा ताप आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा.

"आमची आजी द्यायची, काही झालं नाही," असं एकीने लिहिलं. आजीचे किती मिठू पिंजऱ्यात मेले, याची वही कुणी ठेवली होती का? एक मेला की बाजारातून दुसरा यायचा, नाव तेच. दुसरीने लिहिलं, "पोपटाने टोचलेला पेरू गोड असतो, मग त्याची चोच घाण कशी?" अहो, तो पिकलेलाच पेरू निवडतो म्हणून गोड! आणि चोच घाण आहे असं मी म्हणतच नाही. खाऊन झालं की तो चोच दांडीवर दोन्ही बाजूंनी घासून पुसतो. त्याची स्वच्छता त्याला कळते. प्रश्न आपल्या तोंडाचा आहे.

चोचीला साबण लावू नका. वाढलेली चोच नेलकटरने कापू नका, आत रक्तवाहिन्या असतात. चोच वेडीवाकडी वाढते तेव्हा यकृताचा आजारही असू शकतो, ती डॉक्टरांनाच दाखवा. आपण फक्त पाणी दिवसातून दोनदा बदलायचं, वाटी घासायची, भिजवलेलं उरलं की लगेच काढायचं, आणि पिंजरा झाडण्याआधी कागद ओला करायचा, म्हणजे धूळ उडत नाही. कुरतडायला पेरूची फांदी द्या. दुकानदार समुद्रफेस देतो, तो समुद्रातल्या एका प्राण्याच्या आतला सांगाडा असतो. घरात आणण्याआधी विचार करा. ही सगळी जयणाच आहे.

आता कडू बोलते. त्या व्हिडिओतला पोपट आपला हिरवा, कंठवाला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो घरात ठेवणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवा, प्रतिक्रमणात आपण पहिल्या व्रताचे अतिचार आठवतो ना? बंध, वध, छविच्छेद, अतिभार, अन्नपाननिरोध. पिंजरा म्हणजे बंध नाही तर काय? पंख कापणं म्हणजे छविच्छेद नाही तर काय? शेवाळलेली वाटी तीन दिवस तशीच ठेवणं हा अन्नपाननिरोधच. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारात आपल्याच समाजाने पक्ष्यांचं धर्मार्थ रुग्णालय चालवलंय. तिथे बरे झालेले पक्षी आकाशात सोडतात. ती जीवदया. ओठांतला बदाम ही हौस.

असा हिरवा पोपट घरात असेल तर वनविभागाशी बोला, परस्पर उडवून देऊ नका. आमचा कॉकाटील परदेशी जातीचा, पिंजऱ्यातच जन्मलेला. बाहेर सोडला तर तो जगणार नाही, म्हणून त्याला मी सांभाळणार. हे पक्षी १५-२० वर्षं जगू शकतात. साठी उलटलेल्या बाईने हा हिशोब आधी मांडायला हवा होता. सूनबाईंना सांगून ठेवलंय, माझ्यामागे त्याचं नीट करा, आणि याच्यानंतर दुसरा आणू नका. आपण विकत घेतो म्हणून दुकानदार पकडून आणतो, हे बी.कॉम.ला शिकायचीही गरज नाही.

प्रेम असेल तर हात धुऊन, स्वच्छ वाटीत द्या. तोंड दूर ठेवा.

कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पण लिहिलेलं मागे घेत नाही.