भाकरी पोंचविणारा सैनिक

सांगली जिल्हा म्हटला कीं, वडील मंडळींच्या तोंडीं अद्यापि ‘दक्षिण सातारा’ हें नांव येतें. 1949 सालीं साताऱ्याचे दोन भाग झाले आणि 1960 सालीं दक्षिण भागास सांगली हें नांव मिळालें. त्यापूर्वींच्या अखंड साताऱ्यांत 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार चाललें होतें. तुफान सेना हें त्याचें सशस्त्र दल.

आजच्या कडेगांव तालुक्यांतील रामापूरचे गणपती बाळा यादव (जन्म 1920) हे त्या सेनेंतले. त्यांचें काम काय, तर भूमिगतांस निरोप व भाकरी पोंचविणें! ऐकावयास हें किरकोळ वाटतें. परंतु वाचकांनीं क्षणभर विचार करावा. चिठ्ठी वेळप्रसंगीं गिळून टाकतां येते. आठदहा माणसांच्या भाकऱ्यांचें गांठोडें घेऊन रानाकडे निघालेल्या एकट्या माणसानें पोलिसांस काय सांगावें? बरें, भूमिगतांचा ठावठिकाणा त्यासच ठाऊक. तेव्हां सांपडला असता तर पहिला मारही त्याच्याच पाठीवर. पोवाड्यांत बंदूक येते, भाकरी सहसा येत नाहीं.

7 जून 1943 रोजीं शेणोली येथें रुळांवर दगड रचून, पगाराची रोकड नेणारी आगगाडी अडविण्यांत आली. पुढारी कुंडलचे जी. डी. बापू लाड व कॅप्टन भाऊ. त्या वेळींही यादव बरोबर होते.

स्वराज्य आलें आणि हे शेतकरी गृहस्थ शेतींत व संसारांत राहिले; नातवंडें पाहिलीं. वयाच्या 97 व्या वर्षीं पत्रकार पी. साईनाथ त्यांच्या भेटीस निघाले. पाहुण्यांस उशीर झाला, तों हे आजोबा भर उन्हाळ्यांत जुन्या सायकलीवरून त्यांच्या शोधार्थ दोनदां शिरगांवास जाऊन आले! वाट पाहणाऱ्यांपर्यंत जाऊन पोंचण्याची जन्माची संवय, दुसरें काय? 2021 सालीं ते निवर्तले.

एक गोष्ट मात्र मनांत सलते. भाकऱ्या नेणाऱ्याचें नांव आज आपणांस कळलें. त्या थापल्या कोणीं? रात्रीं चूल पेटवून, बाहेरच्या पावलांकडे कान ठेवून भाकऱ्या भाजणाऱ्या त्या गृहिणी आतां क्वचितच हयात असतील. वाचकभगिनींपैकीं कोणाच्या आजीनें वा पणजीनें सातारा-सांगलीकडे हें काम केलें असल्यास, तिचें नांव व गांव लिहून कळवावें. पुढील अंकांत हें पान त्यांसाठींच राखून ठेवूं.