टाळी कुणाला?

आमच्या महाड-पोलादपूर भागात ‘मला कबड्डी कळत नाही’ असे म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. भाताची झोडणी उरकली, की गावोगाव मैदाने आखली जातात, दिवे लागतात, मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात. आणि ग्रामदैवताच्या नावाचा संघ हरला, की मध्यरात्रीपर्यंत पारावर पंचनामा चालतो. त्यात आरोपी ठरलेलाच असतो. ज्याने शेवटची चढाई रिकामी आणली तो!

हा गुन्हा जरा तपासून पाहू. एका चढाईला मिळतात 30 सेकंद. समजा, चार मिनिटे उरली आहेत आणि आपण तीन गुणांनी पुढे आहोत. अशा वेळी निदान रेषा ओलांडून, सगळा वेळ खर्चून सुखरूप परतणारा गडी घड्याळाला आपल्या बाजूने खेळवीत असतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर गडी बाद. म्हणजे ही उधारी दोनदाच मिळते, आणि ती केव्हा उचलायची हाच खरा हिशेब! पण बाहेरून आरोळी येते, ‘अरे, पळून काय येतोस?’ पोर बिचारे चिडून आत घुसते, पकडले जाते, आणि मग तीच मंडळी म्हणतात, ‘डोके नाही याला!’

उलट, आपले तीनच गडी उरले, की ‘चढला लोण!’ म्हणून लोक चपला शोधू लागतात. वास्तविक तीन किंवा कमी गडी असताना केलेल्या पकडीला एकाऐवजी दोन गुण मिळतात. तेव्हाच तर सामना बघायचा!

वर्तमानपत्रांचे काय सांगावे? मी व्याकरण शिकवणारा माणूस. मला त्या बातम्या नेहमी कर्तरी प्रयोगात दिसतात. कर्ता चढाईपटू, आणि बाकीचे सहा जण जणू अव्यये! 1990 पासून आशियाई स्पर्धेत आपल्या पुरुषांनी दर वेळी सुवर्णपदक आणले. 2018 साली जकार्त्यात उपान्त्य सामन्यात इराणने 27-18 असे हरवले, आणि जो तो म्हणू लागला, आपले लोक गाफील राहिले. चाळीस मिनिटांत अवघे अठरा गुण! ते कुणी अडवले, हे विचारायला नको? फजल अत्राचलीसारखा कोपरा तर प्रो कबड्डीत आपल्या डोळ्यांदेखत खेळत होता. महिलांचा अंतिम सामनाही इराणने 27-24 असा घेतला. त्या मुलींच्या प्रशिक्षिका नाशिकच्या शैलजा जैन. मी ऐकल्या त्या गप्पांत बाई आपल्या की परक्या, एवढाच वाद. बाईंनी शिकवले काय, हा प्रश्न कुणाच्या तोंडी नव्हता.

माझ्या वर्गात पोलादपूरकडचा एक मुलगा होता. डावा कोपरा. चढाईपटू आला की हा दोन पावले मागे सरे, त्याला आत येऊ देई, आणि मग मध्यरेषेकडची वाट अशी बंद करी, की झडप घालायला दुसऱ्याला काही कष्टच पडू नयेत. टाळी अर्थातच दुसऱ्याला. एका वर्षी गावच्या संघाची निवड होताना कुणीतरी विचारले, ‘याने गुण किती आणले?’ वहीत फारसे काही नव्हते. मुलगा वगळला गेला. गावाच्या दृष्टीने एवढीशी गोष्ट. पण गावच्या संघातून जिल्हा, जिल्ह्यातून राज्य आणि मग खेळाडूंसाठी राखीव असलेली सरकारी जागा, अशी ती शिडी असते. त्याची पहिलीच पायरी निसटली.

आता तो महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. परवा बाजारात भेटला. म्हणाला, ‘रात्रपाळी नसली की खेळतो, सर.’ कुणाकडून, म्हणून विचारले, तर शेजारच्या गावाकडून. त्यांना डावा कोपरा हवा होता.