स्वस्त हत्यार आणि महाग आळस



2023-24 च्या हंगामातली गोष्ट. आमच्या वस्तीवरची उसाने भरलेली ट्रॉली रात्री दहाच्या सुमारास रस्त्यात पंक्चर झाली. व्हील पाना घरी राहिलेला. ट्रॅक्टरच्या पेटीत आठवडी बाजारात घेतलेला तोंडाच्या पान्यांचा संच तेवढा होता. बाकीचे नट सुटले, शेवटचा काही हलेना. मग आम्ही नेहमीचा शहाणपणा केला. पान्याच्या दांडीवर दोन फुटी पाईप चढवला आणि दोघेजण लोंबकळलो. पान्याचं तोंड फाकलं, नटाचे कोपरे गोल झाले, एकाच्या हाताची सालं निघाली. "स्वस्तातला माल, असाच निघायचा," म्हणून पान्याला शिव्या घातल्या आणि शेकोटी करून उजाडायची वाट बघत बसलो.

सकाळी कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटरमामा सायकलवरून चालले होते. ते उतरले. आधी नटावरची माती खरवडली, आट्यांवर डिझेल सोडलं, नटाच्या कडेने हातोडीचे चार हलके ठोके दिले आणि म्हणाले, "आता चहा सांगा." चहा होईतो डिझेल मुरलं. मग त्यांनी कानशीने नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट केल्या, आमच्याच संचातला एक माप लहान पाना त्यावर ठोकून बसवला आणि दांडी आपल्याकडे ओढली. नट सुटला. जाताना एवढंच बोलले, "पाना वाईट नाही रे पोरांनो, घाई वाईट."

ट्रॉली काट्यावर लागली तेव्हा दुपार झाली होती. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितका वाळतो, वजन घटतं. रसातली साखरही मोडू लागते, उतारा घसरतो. वजनाचा तोटा आमचा, उताऱ्याचा तोटा आपणा सर्वांचा. म्हणून हा विषय आमच्या घरच्या पेटीपुरता न ठेवता या पानावर मांडत आहोत.

आपल्याकडे स्वस्त हत्यारांबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे, "स्वस्त ते टाकाऊ, घ्यायचं तर भारीच घ्या." दुसरं म्हणजे, "चालतंय की, कशाला एवढा विचार?" आम्हांला दोन्ही पटत नाहीत. भारी हत्यारं दोन-तीन एकरांच्या सभासदाने कोठून घ्यावीत? आणि "चालतंय" म्हणून चालवलेलं हत्यार हंगामाच्या ऐन रात्री दगा देतं. आमचं मत असं की, स्वस्त हत्यारात बहुतेक वेळा लोखंडापेक्षा शेवटची मेहनत कमी पडलेली असते. धार नीट लावलेली नसते, जोड बसवलेला नसतो, माप तपासलेलं नसतं. तेवढी मेहनत घेणाऱ्याने आपल्या हाताने केली, तर तेच हत्यार वर्षानुवर्षं चोख काम देतं.

पटत नसेल तर फडात येणाऱ्या टोळीकडे बघा. कोयता ही काही फार किमतीची वस्तू नव्हे. पण तोडणी करणारा मजूर त्याला दिवसातून कितीतरी वेळा कानस लावतो. धारेचा कोयता ऊस जमिनीलगत एका घावात तोडतो. बोथट कोयता बुडखा चिरतो आणि वर खोडकी ठेवतो. साखर सर्वांत जास्त असते ती बुडख्याकडच्या कांड्यांत, म्हणजे तीच रानात राहते. धार लावण्यात वेळ जात नाही, वाचतो. हे टोळीला कळतं. घरच्या पेटीच्या बाबतीत मात्र आपल्याला कळत नाही.

आता थोडं कामाचं बोलू.

नवी पटाशी आणली की लगेच लाकडावर धरू नका. तिची मागची बाजू धारेच्या दगडावर घासून सपाट करा, मग उताराची बाजू सुमारे 25 अंशांत धरून धार काढा. ग्राइंडरवर धार काढायची तर घटकेघटकेला पाण्यात बुडवा. टोक निळं पडलं की त्या भागाचं पाणी उतरलं असं समजा. मग ती धार टिकत नाही, आणि दोष मात्र दुकानदाराला लागतो.

ड्रिलच्या बिटाचंही तसंच. हातातलं लहान ड्रिल मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे सहज मारतं. साध्या लोखंडात 10 मिलिमीटरचं भोक पाडायला आठशेच्या आसपास फेरे पुरेत. आपण घोडा पूर्ण दाबतो, तेल घालत नाही, बिट निळं पडतं. आधी पंचाने खूण करा, 4 मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, मग मोठं बिट लावा. वेग कमी, दाब बेताचा आणि दोन थेंब तेल. साधं बिटसुद्धा दिवसभर साथ देईल.

हॅकसॉच्या ब्लेडचे दात पुढच्या बाजूला असावेत आणि ब्लेड ताणून बसवावं. जाड लोखंडाला इंचात 18 दातांचं, पातळ पाइपाला 32 दातांचं. कापताना निदान तीन दात लोखंडावर टेकले पाहिजेत, नाहीतर दात झडतात. पान्यांच्या बाबतीत इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत करू नका. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर 13 चा पाना बसतो खरा, पण जोर लावला की घसरतो. घट्ट नटाला तोंडाच्या पान्यापेक्षा रिंग पाना बरा, कारण तो नटाला चारी बाजूंनी धरतो.

गुण्या घेतलात तर दुकानातच तपासा. सरळ कडेच्या फळीवर तो लावून रेघ ओढा, मग उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी ओढा. दोन रेघा एकीवर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर परत द्या. पाणसळही तशीच टोकाकडून टोक फिरवून बघा. दोन्ही वेळा बुडबुडा त्याच जागी थांबला पाहिजे. याला पैसा पडत नाही, पाच मिनिटं पडतात.

वेल्डिंगची लहान मशिनं आता घरोघरी आली आहेत. त्यांच्या पाटीवर 60 टक्के असं लिहिलं असेल, तर त्या अँपियरवर दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती, असा त्याचा अर्थ. बैलालाही आपण सावलीत सोडतोच ना? कांड्या ओलसर झाल्या तर टाक्यात भोकं पडतात. त्या कोरड्या ठेवा. विहिरीवरून लांबच लांब बारीक वायर ओढून मशिन चालवलं, तर वायरीतच व्होल्टेज पडतं आणि टाका वरच्यावर बसतो. तो टाका ट्रॉलीच्या हुकाचा असेल, तर पुढे काय होईल हे आम्ही सांगायला नको.

इथवर काटकसरीची बाजू मांडली. पण चार ठिकाणी काटकसर करायची नाही. ग्राइंडरची चकती, डोळ्यांचा चष्मा, जॅक आणि अर्थिंग.

आमच्याच शेडमध्ये एकदा लहान ग्राइंडरला सात इंची चकती लावली. भोक मोठं म्हणून वायसर घातला आणि अडतं म्हणून गार्ड काढलं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. चार इंची चकतीवर 15,300 पर्यंतची मर्यादा छापलेली असते, सात इंचीवर साधारण 8,500 ची. म्हणजे चकती फुटणार हे चकतीवरच लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नाही. तुकडा शेजारी उभ्या असलेल्या आमच्या पोराच्या भुवईला चाटून पत्र्यात घुसला. दोन बोटं खाली असता तर डोळा गेला होता. त्या पत्र्याचं भोक आम्ही मुद्दाम बुजवलेलं नाही.

जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. ट्रॉलीखाली जायचं तर आधी आसाखाली लाकडी ठोकळे किंवा घोडी लावा आणि चाकांना दगड द्या. अर्थिंगची तार "नंतर बघू" म्हणून मोकळी ठेवू नका. ओल्या पायांनी शेडमध्ये वावरणाऱ्या शेतकऱ्याला "नंतर" मिळेलच असं नाही.

शेवटी संचालक मंडळाला एक विनंती. हंगाम संपला की आपल्या कारखान्यात मिल उघडून दुरुस्ती चालते. तिथले फिटर आणि टर्नर हे आपलंच धन आहे. पावसाळ्यात त्यांचा एकेक दिवस प्रत्येक गट ऑफिसला द्यावा. सभासदांनी आपापली पेटी घेऊन यावं, धार कशी लावायची, पाना कसा धरायचा, चकतीवरचं कसं वाचायचं हे हाताने शिकावं. गट ऑफिसवर एक चांगला व्हाइस, एक बाक ग्राइंडर आणि एक खरा गुण्या कायमचा ठेवावा. जी वस्तू एकट्याला झेपत नाही ती सर्वांनी मिळून घ्यायची, याच विचारावर आपला कारखाना उभा आहे. मग तो विचार धुराड्यापाशीच का थांबावा?

आणि सभासदांनाही एक सांगणं. खंडेनवमीला आपण हत्यारं पुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो. यंदा आदल्या दिवशी दोन तास काढा. गंज घासा, धार लावा, सैल दांडे पाचर मारून घट्ट करा, तेलाचा हात फिरवा, फुटकी चकती मोडून टाका. त्यानंतरच हळदकुंकू वाहा. मग हंगामाच्या रात्री रस्त्यात शेकोटी करून बसायची पाळी येणार नाही.