नवजात बाळांच्या तपासणीबाबत सौंदड ग्रामस्थांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
गोंदिया.

विषय : माहेरी आलेल्या बाळंतिणींच्या बाळांना आशा भेटी मिळणे, सिकलसेलची जन्मतः तपासणी होणे आणि पावसाळ्यातील बालआजारांची आधीच तयारी करणे याबाबत.

अर्जदार : सौंदड (ता. सडक अर्जुनी) येथील माता, पालक व ग्रामस्थ.

महोदय,

सौंदड हे महामार्गावरचे आणि रेल्वे स्थानक असलेले गाव आहे. बाळंतपणासाठी दवाखान्यात जाण्याची सवय आता घराघरांत रुजली आहे. मात्र बाळ घरी आल्यावर पहिले सहा आठवडे त्याला कोण पाहणार, याचे उत्तर बऱ्याच घरांना मिळत नाही.

शासनाचा नियम स्पष्ट आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचे. वजन व तापमान घ्यायचे, श्वास मोजायचा, नाळ पाहायची, बाळ अंगावर नीट पिते का हे विचारायचे. या पद्धतीचा पाया शेजारच्या गडचिरोलीतच घातला गेला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतील महिलांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी आणि जंतुसंसर्गावर उपचार सुरू केले. तिथला नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले आणि 2011 पासून ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. जे गडचिरोलीच्या जंगलात जमले, ते आमच्या गावात अर्धवट राहावे हे आम्हाला मान्य नाही.

अडते ते माहेर आणि सासर यांच्या मध्ये. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. गरोदरपणाची नोंद सासरच्या गावात आणि बाळ मात्र माहेरच्या गावात. एका आशाताईंकडे नाव असते पण बाळ नसते; दुसरीच्या गावात बाळ असते पण तिच्या यादीत नाव नसते. दोष दोघींचाही नाही. अहवाल आणि मोबदला दोन्ही नोंदीशी बांधलेले आहेत. पण जंतुसंसर्ग, कावीळ, दूध न पिणे हे धोके पहिल्या आठवड्यांतच सर्वांत जास्त असतात आणि नेमके तेच दिवस सुटतात. म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, दवाखान्यातून सुट्टी देतानाच बाळ प्रत्यक्ष कोणत्या गावी जाणार हे विचारून त्या गावच्या आशाताईंना त्याच दिवशी कळवावे, भेटींची नोंद व मोबदला त्यांच्याच नावे व्हावा, आणि आई सासरी परतली की उरलेल्या भेटी तिकडे वर्ग व्हाव्यात. हे काम तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या एका लेखी आदेशाने सुरू होऊ शकते.

दुसरी बाब सिकलसेलची. पूर्व विदर्भात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी जन्मण्याची शक्यता 25 टक्के असते. जन्मानंतरचे काही महिने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बाळाला सांभाळून घेते, म्हणून ते निरोगी दिसते; पुढे मात्र न्यूमोनियासारखा साधा वाटणारा संसर्गही जिवावर बेततो. लवकर निदान झाले तर पेनिसिलिन आणि वेळेवर लसीकरण करून हे टाळता येते. साधी सोल्युबिलिटी चाचणी इतक्या लहान बाळात भरवशाची नसते. त्यामुळे वाहक मातेच्या प्रत्येक बाळाचे टाचेचे रक्त घेऊन एचपीएलसी तपासणी व्हावी आणि तिचा निकाल पालकांच्या हाती लेखी पडावा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 पासून सुरू आहे. त्यात आमच्या बाळांची मोजणी जन्मापासून व्हावी. त्याच वेळी श्रवण, हृदय व जन्मजात व्यंगांची तपासणीही सुट्टीपूर्वी झाली पाहिजे.

पावसाळा लागला की रोवणी सुरू होते. आई दिवसभर बांधीत, बाळ आजीकडे किंवा अंगणवाडीत. हगवण, ताप, खोकला याच दिवसांत वाढतात आणि आजार अंगावर काढला जातो. मृगापूर्वीच प्रत्येक आशाताई व अंगणवाडीकडे ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या पुरेशा पोहोचवाव्यात. झिंक हगवण थांबली तरी 14 दिवस द्यायचे असते, हे घराघरांत सांगावे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक असेल तर थांबायचे नाही, हे ग्रामपंचायत व अंगणवाडीच्या भिंतीवर मराठीत रंगवून द्यावे. नाळेवर हळद, तेल, राख काहीही न लावण्याचा संदेशही तिथेच असावा. रोवणीच्या काळात लसीकरणाचे सत्र सकाळी लवकर ठेवावे, नाहीतर आईला मजुरी आणि लस यांतून एक निवडावे लागते.

आजारी बाळाला नेण्यासाठी मोफत वाहन आणि मोफत उपचार हा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखालील हक्क आहे. रात्री वाहन मिळाले नाही, तर पर्यायी व्यवस्थेचा दूरध्वनी क्रमांक दर्शनी भागात लावावा.

शेवटची मागणी आम्ही जड मनाने करतो. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात अतिदक्षता कक्षाच्या आगीत 10 बाळे गेली. 1999 पर्यंत आपण त्याच जिल्ह्याचा भाग होतो. ते दुःख आमचेही आहे. गोंदिया जिल्ह्यातील नवजात कक्षांची अग्निसुरक्षा व विद्युत तपासणी दरवर्षी होऊन तिचा अहवाल जनतेला पाहायला मिळावा.

वरील मागण्यांवर मृग नक्षत्रापूर्वी आरोग्य विभाग, आशाताई व ग्रामस्थ यांची संयुक्त बैठक सौंदड येथे बोलवावी आणि घेतलेले निर्णय आम्हास लेखी कळवावेत, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
सौंदड येथील माता, पालक व ग्रामस्थ
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, गोंदिया
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, गोंदिया
मा. तालुका आरोग्य अधिकारी, सडक अर्जुनी