विश्लेषण : डीबगरमधली ‘उडी’ अडवली जाते, ते बरेच!

अहिल्यानगरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणा. विद्यार्थ्याचा पायथनमधला प्रोग्राम चुकीचे उत्तर देतो आहे. तो डीबगर सुरू करतो, म्हणजे प्रोग्राम एका ओळीवर थांबवून आत काय चालले आहे ते पाहण्याचे साधन. मधल्या दहा ओळी गाळून थेट पुढे जावे, असे त्याच्या मनात येते. तो ‘जंप’ची आज्ञा देतो आणि पडद्यावर उत्तर येते : या ओळीवर उडी मारता येणार नाही. विद्यार्थी वैतागतो. प्रोग्राम माझा, संगणक माझा, मग अडवणारा हा कोण?

हा वैताग समजण्यासारखा आहे. पण अडवणाऱ्याची बाजू अधिक भक्कम आहे, आणि ती समजून घेणे केवळ संगणकवाल्यांच्याच कामाचे नाही. ज्या जिल्ह्यात पतसंस्थेचे व्याज, कारखान्याचे ऊसबिल आणि दूध संघाचा पगार हे सगळे कुठल्या ना कुठल्या प्रोग्राममधून निघते, तिथे चूक शोधण्याचे साधनच खोटे बोलू लागले तर काय होईल, हा प्रश्न सगळ्यांचाच आहे.

उडी म्हणजे नेमके काय?

पायथन ही भाषा ‘इंटरप्रिटर’वर चालते. इंटरप्रिटर म्हणजे आपण लिहिलेल्या ओळींचे छोट्या छोट्या सूचनांत रूपांतर करून त्या एकामागून एक पार पाडणारा प्रोग्राम. पायथनचा सर्वाधिक वापरला जाणारा इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेला आहे. 2003 मध्ये आलेल्या पायथन 2.3 या आवृत्तीत एक नवी सोय झाली : थांबलेल्या प्रोग्रामची ‘पुढची ओळ कोणती’ ही नोंद बदलता येऊ लागली. तिच्याच आधारे पायथनसोबत येणाऱ्या पीडीबी या डीबगरमध्ये ‘जंप’ ही आज्ञा आली. तिच्यामुळे नको ती ओळ गाळता येते किंवा मागे जाऊन तीच ओळ पुन्हा चालवता येते. चूक शोधणाऱ्याला ही सोय वरदानच वाटते.

मग अडचण कुठे येते?

ओळींमध्ये जे दिसते त्यापेक्षा बरेच काही पडद्यामागे चालू असते. इंटरप्रिटर काम करताना मधली मूल्ये एकावर एक रचून ठेवतो. तव्यावरून उतरवलेल्या भाकरींच्या चळतीसारखीच ही रचना : शेवटी ठेवलेली भाकरी आधी उचलायची. तिला ‘स्टॅक’ म्हणतात.

समजा, पतसंस्थेच्या शंभर खात्यांवर एकेक करून व्याज काढणारा लूप आहे. लूप सुरू होताना इंटरप्रिटर चळतीवर एक खूण ठेवतो : यादीत आपण कुठवर आलो आहोत. प्रत्येक फेरीनंतर तो ती खूण पाहतो आणि पुढचे खाते घेतो. आता लूपच्या बाहेर उभे राहून थेट आत उडी मारली, तर ही खूण ठेवलीच गेलेली नसते. फेरी संपल्यावर इंटरप्रिटर सवयीने चळतीकडे हात नेतो, आणि तिथे भलतेच काहीतरी असते किंवा काहीच नसते. वेग राखण्यासाठी तो प्रत्येक वेळी ‘ही खूणच आहे ना’ हे तपासत बसत नाही. परिणामी तो भलत्या स्मृतीला हात घालतो आणि अख्खा कार्यक्रम कोसळतो.

आपल्या जिल्ह्याला साखर कारखान्याचे उदाहरण लगेच पटेल. सहकारी साखर कारखानदारीची पायाभरणी प्रवरानगरला झाली, त्यामुळे इथल्या पोराटोरांनाही क्रम पाठ असतो : गव्हाणीत मोळी पडते, गाळप होते, रस शुद्ध होतो, आटवला जातो, पॅनमध्ये पाक शिजतो, मग साखर आणि मळी वेगळी होते. उद्या कोणी म्हणाले, ‘गाळप नको, थेट पॅनपासून सुरू करा’, तर पॅनमध्ये पाकच नसेल. रिकाम्या पॅनला वाफ दिल्याने साखर तर निघणार नाहीच, यंत्राचेही नुकसान होईल. इंटरप्रिटर उडी अडवतो ती नेमकी अशी : पाक नाही, तर वाफ नाही.

कोणत्या उड्या चालतात, कोणत्या नाहीत?

सरळ ओळींमध्ये पुढे-मागे जाता येते. लूपमधून बाहेर पडता येते, कारण चळतीवरची खूण काढून टाकणे इंटरप्रिटरला जमते. पण बाहेरून लूपच्या पोटात शिरता येत नाही. चूक हाताळण्यासाठी लिहिलेल्या भागात, म्हणजे ‘एक्सेप्ट’मध्ये, कोणतीही चूक झालेली नसताना उतरता येत नाही. फंक्शन आपले उत्तर देऊन बाहेर पडत असतानाच्या क्षणी उडी घेता येत नाही. एका फंक्शनमधून दुसऱ्यात तर नाहीच.

असे निर्बंध पहिल्यापासून होते, पण इंटरप्रिटरची अंतर्गत रचना बदलत गेली तसे नवे धोके उघडे पडले आणि नियमही बदलावे लागले. आजचा पायथन उडीपूर्वी सगळा हिशेब मांडतो : त्या फंक्शनच्या प्रत्येक सूचनेपाशी चळतीत कोणत्या प्रकारच्या वस्तू असायला हव्यात? निघण्याची जागा आणि उतरण्याची जागा यांचा मेळ बसला तर परवानगी, नाहीतर कारणासह नकार.

मला यातला ‘कारणासह’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सरकारी कार्यालयात अर्ज नुसता परत येणे आणि ‘सातबारा जोडलेला नाही’ असा शेरा मारून परत येणे यात जसा फरक, तसाच हा. लूपच्या आत जाता येणार नाही, असे स्पष्ट कळले की विद्यार्थी लूपच्या सुरुवातीच्या ओळीवर जातो आणि काम पुढे चालू होते. शिवाय त्याला लूप आतून कसा चालतो, हेही उमगते. नकारसुद्धा असा शिकवू शकतो.

‘आम्ही काय लहान आहोत?’

अनुभवी प्रोग्रामरांचा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. वापरणारा सज्ञान आहे, त्याला काय करायचे ते करू द्या, बिघडले तर तो पाहून घेईल. सी भाषेसाठीचा जीडीबी हा डीबगर बराचसा याच विचाराने चालतो. दुसऱ्या फंक्शनमधल्या ओळीवर उडी मारायला निघालात तर तो ‘नक्की ना?’ असे विचारतो. तुम्ही ‘हो’ म्हणालात की पुढचे तुमच्या नशिबावर. दुसऱ्या टोकाला जावा आहे. तिथल्या डीबगरच्या प्रमाणित यंत्रणेत मनाला येईल त्या ओळीवर उडी मारण्याची सोयच नाही. फार तर चालू मेथड सोडून ती पुन्हा पहिल्यापासून चालवता येते.

पायथनचा मार्ग मधला आहे आणि माझ्या मते तोच योग्य आहे. सज्ञानपणाचा मुद्दा मान्य, पण स्वतःच्या जबाबदारीवर धोका पत्करायचा तर तो धोका दिसायला हवा. चळत बिघडली आहे हे वापरणाऱ्याला कुठेच दिसत नाही. इंटरप्रिटर तत्काळ कोसळला तर तेही एकवेळ बरे, दोन तास खपून पकडलेली चूक हातची गेली एवढेच. खरा धोका न कोसळण्यात आहे. बिघडलेल्या चळतीवर प्रोग्राम थोडा वेळ चालतो, काहीतरी उत्तर देतो, आणि ते उत्तर खरे मानून आपण भलत्याच ओळीत दुरुस्ती करून बसतो. थर्मामीटरच चुकीचा असेल तर डॉक्टर कितीही हुशार असून उपयोग काय?

कान टोचावेत अशी एक जागा

तरीही प्रत्येक निर्णय डोळे झाकून मान्य करावा असे नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या 3.12 या आवृत्तीतले उदाहरण घ्या. एखादे व्हेरिएबल वाचताना त्यात मूल्य भरले आहे का, हे पायथन पूर्वी दर वेळी तपासत असे. आता नेहमीच्या मार्गाने गेल्यास ते भरलेलेच असणार, असे आधीच सिद्ध होत असेल तर तपासणी वगळली जाते आणि वेग वाढतो. पण उडी हा नेहमीचा मार्ग नव्हे. मूल्य भरणारी ओळच गाळली गेली, तर ती सिद्धता कोलमडते. म्हणून उडी मारल्यावर अशा रिकाम्या व्हेरिएबलमध्ये ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’ हे मूल्य भरले जाते आणि तसा इशारा दिला जातो.

यामुळे इंटरप्रिटर वाचतो, हे खरे. पण ‘सवलत असेल तर वजा करा’ अशी ओळ पुढे असेल, तर ‘नन’चा अर्थ ‘सवलत नाही’ असा लावला जातो. प्रोग्राम हूं की चूं न करता पुढे जातो आणि बिल चुकते. इशारा येतो, पण इशारे न वाचता पुढे सरकण्याची सवय आपल्या हाडीमाशी भिनली आहे. माझ्या मते अशा वेळी केवळ ‘इतक्या व्हेरिएबलमध्ये नन भरले’ एवढे सांगून भागणार नाही, कोणत्या व्हेरिएबलमध्ये भरले तेही सांगायला हवे. निर्बंध जितका नेमका, तितका तो पाळला जातो.

परवानगी मिळाली म्हणजे सुरक्षित?

इथेच बहुतेकांची गफलत होते. इंटरप्रिटर स्वतःची चळत राखतो, तुमची खातेवही नाही. खात्यात व्याज जमा करणारी ओळ चालली, तुम्ही तिच्या मागे उडी मारलीत आणि ती पुन्हा चालली, तर व्याज दोनदा जमा होईल. या उडीला इंटरप्रिटर खुशाल परवानगी देईल, कारण त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नाही. उडीने ओळ मागे जाते; गेलेला एसएमएस, लिहिलेली फाइल, भरलेली रक्कम मागे येत नाही.

म्हणून काही नियम प्रत्येकाने स्वतःवरच घालून घ्यावेत. खऱ्या खात्यांच्या माहितीवर कधीही उडी मारू नये. नमुन्याची प्रत घ्यावी. उडीनंतर आलेल्या उत्तरावर पुरावा म्हणून भरवसा ठेवू नये; ते केवळ सुगावा मानावे आणि प्रोग्राम पहिल्यापासून चालवून खात्री करावी. आणि नकार आला तर वाट काढण्याआधी कारण वाचावे.

शिकवायचे कोणी?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने 2019 च्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला पायथन आणले. तंत्रनिकेतनांच्या पदविकेतही पायथनचा विषय आला. संगमनेर, लोणी, कोपरगावपासून नगर शहरापर्यंतची मुले ही भाषा शिकतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण शिकवताना भर असतो तो प्रोग्राम लिहिण्यावर. लिहिलेला प्रोग्राम चुकला तर ती चूक शिस्तीने कशी शोधायची, याला तासिका क्वचितच मिळते. मग मुले जागोजागी ‘प्रिंट’ पेरतात किंवा डीबगरमध्ये आंधळ्या उड्या मारतात.

एका प्रात्यक्षिकात एवढे जरी केले तरी पुरे : लूपच्या आत उडी मारायला लावायची, नकार दाखवायचा आणि ‘का नाही म्हणाला?’ असे विचारायचे. त्या एका ‘का’च्या उत्तरात स्टॅक येतो, लूपची खूण येते, इंटरप्रिटरचे काम येते. उद्या हीच मुले पतसंस्थांचे आणि कारखान्यांचे प्रोग्राम लिहिणार आहेत. नकाराचे कारण वाचायची सवय त्यांना आज लागली, तर उद्या कोणाच्या तरी पासबुकातला आकडा बरोबर येईल.