एकाच माणसाची दोन सोंगे : जान मारिया व्होलोन्ते

१/ आजच्या धाग्याचा नायक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. नावाने मात्र फार थोडे ओळखतात. सेर्जिओ लिओने यांच्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) मधला क्रूर रामोन आणि पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या डॉलरपटातला, घड्याळाची धून संपताच गोळी झाडणारा एल इंडिओ, हे दोघेही एकच. पहिल्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तर त्यांचे खरे नावही नव्हते. तिथे ते 'जॉन वेल्स' होते.

२/ इटलीत त्यांच्यावर दुसराच शिक्का बसला : 'राजकीय नट'. या शब्दांत कौतुक असते तशी खोचही असते. ज्याला आधीच बाजू ठरलेली आहे, तो माणूस रंगवणार कसा, असा तिचा रोख. माझे मत याच्या नेमके उलट आहे. व्होलोन्ते मोठे नट ठरले ते विरोधकाच्या कातडीत शिरण्याच्या सामर्थ्यामुळे. पुरावा म्हणून दहा वर्षांच्या अंतराने त्यांनी वठवलेल्या दोन भूमिका पाहू.

३/ जन्म ९ एप्रिल १९३३, मिलान. वडील फॅसिस्ट दलात होते; युद्धानंतर तुरुंगातच त्यांचा अंत झाला. मुलगा लहान वयात शाळा सोडून कामाला लागला आणि फिरत्या नाटकमंडळीत पडेल ते काम करू लागला. फॅसिस्टाचा हा मुलगा पुढे डाव्या विचारांचा झाला. विरोधकही घरातलाच माणूस असू शकतो, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

४/ रोमच्या राष्ट्रीय नाट्य अकादमीतून ते १९५७ साली बाहेर पडले. दूरचित्रवाणीवर दोस्तोयेव्हस्कीचा रोगोझिन, रंगमंचावर शेक्सपिअरचा रोमिओ. १९६५ साली, नाझी अत्याचारांच्या काळात पोपने बाळगलेल्या मौनावरचे होखहूट यांचे नाटक त्यांनी रोममध्ये उभे केले, तेव्हा पोलिसांनी प्रयोगच होऊ दिला नाही.

५/ मग एलिओ पेत्री यांचा 'संशयापलीकडच्या नागरिकाची चौकशी' (१९७०). प्रेयसीचा खून करून स्वतःविरुद्ध पुरावे पेरणारा पोलीस अधिकारी. आपल्याला कोणी हात लावत नाही, हे त्याला अजमावायचे आहे. चित्रपटाला ऑस्कर मिळाले. १९७२ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक दोन इटालियन चित्रपटांत विभागले गेले. एकात यंत्राला जुंपलेला कामगार, दुसऱ्यात तेलउद्योगाचा सूत्रधार मात्तेई. दोन्ही भूमिका व्होलोन्ते यांच्याच.

६/ १९७५ साली ते कम्युनिस्ट पक्षाच्या यादीतून लात्सिओच्या प्रांतिक परिषदेवर निवडून आले. पण तिथे रमले नाहीत आणि लवकरच राजीनामा देऊन मोकळे झाले.

७/ आता मूळ मुद्दा. १९७६, 'तोदो मोदो'. लिओनार्दो शाशा यांच्या कादंबरीवरून पेत्री यांनी काढलेला चित्रपट. सत्ताधारी पुढारी आत्मशुद्धीच्या शिबिरासाठी एकत्र जमतात आणि एकेक करून मारले जातात. त्यातला 'एम.' नावाचा अध्यक्ष म्हणजे उघड उघड आल्दो मोरो, ख्रिश्चन डेमोक्रसी पक्षाचे नेते. मृदू आवाज, झुकलेली मान, कशालाच स्पष्ट नकार न देणारी भाषा.

८/ हे साम्य इतके अंगावर येणारे होते की पहिल्या दोन दिवसांचे चित्रीकरण टाकून द्यावे लागले, असे पेत्री सांगत. चित्रपटाच्या अखेरीस 'एम.'लाही गोळी घातली जाते.

९/ १६ मार्च १९७८ रोजी रेड ब्रिगेड्सने मोरो यांचे अपहरण केले. पाचही अंगरक्षक ठार झाले. ५५ दिवस कैदेतून मोरो पत्रे लिहीत राहिले. ९ मे रोजी रोममध्ये एका लाल रेनॉ गाडीत त्यांचा मृतदेह सापडला.

१०/ अपहरणकर्त्यांशी वाटाघाटी नकोत, या भूमिकेवर मोरो यांच्या स्वतःच्या पक्षाचे सरकार ठाम राहिले. ज्या पक्षाच्या यादीतून व्होलोन्ते निवडून आले होते, तो कम्युनिस्ट पक्षही त्याच बाजूने उभा होता.

११/ १९८६ साली जुझेप्पे फेरारा यांनी 'मोरो प्रकरण' काढला आणि मोरो साकारले पुन्हा व्होलोन्ते यांनीच. मान तीच, आवाजही तोच. पण या वेळी त्यात उपहास नाही. आपल्याच माणसांना पत्रे लिहिणारा, हळूहळू एकटा पडत जाणारा एक कैदी आहे. १९८७ साली बर्लिनमध्ये या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे रौप्य अस्वल मिळाले.

१२/ कोणी म्हणेल, संहिता बदलली, दिग्दर्शक बदलला, म्हणून भूमिका बदलली; त्यात नटाचे श्रेय ते काय? आक्षेप रास्त आहे. पण ज्याची एकदा जाहीर थट्टा केली, त्याच माणसाचे दुःख त्याच चेहऱ्याने प्रेक्षकांसमोर मांडायला होकार देणे, हा निर्णय नटाचाच होता. तुलना होणार, हे त्यांना ठाऊक नसेल असे कसे म्हणावे?

१३/ म्हणून माझ्या मते पहिली भूमिका खोटी ठरत नाही. सत्तेवरची टीका तेव्हाही खरी होती, आजही आहे. दुसरी भूमिका तिला खोडत नाही, पुरे करते. टीका पदावर करावी आणि पदाखालचा माणूस विसरू नये, हा धडा भाषणातून देता येतो; व्होलोन्ते यांनी तो मान झुकवून दिला.

१४/ ६ डिसेंबर १९९४ रोजी ग्रीसमधल्या फ्लोरिना येथे, अँजेलोपुलोस यांच्या चित्रपटाचे काम चालू असतानाच ते गेले. सार्डिनियालगतच्या ला माद्दालेना बेटावर त्यांचे दफन झाले. 'राजकीय नट' हा शिक्का हवा तर राहू द्या. मात्र तो मारण्यापूर्वी ही दोन सोंगे शेजारी ठेवून पाहा. विरोधकाला इतक्या जवळून पाहणारे राजकारण आज आपल्यात किती उरले आहे, हा प्रश्न मग आपसूकच पडेल.